खाजणवेलीची मादी

मोनालीनं तोच प्रयोग तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदाही हाती काही लागलं नाही, तेव्हा ती दार न ठोठावता डॉ. रंजिता घरत यांच्या खोलीत शिरली आणि हातातला ट्रे टेबलावर ठेवून उभी राहिली. ट्रेमध्ये काचेच्या दोन बशा होत्या. प्रत्येक बशीत पांढऱ्या उंदरांच्या हृदयांच्या पातळ चकत्या, काकडीच्या कापांसारख्या ओळीनं मांडलेल्या.

"मॅडम, ओळखा," मोनाली म्हणाली. "कुठल्या बशीतल्या उंदरांना खाजणवेल दिली होती?"

रंजितानं चष्मा कपाळावर चढवला आणि बशा खिडकीकडे सरकवल्या. हृदयाच्या चकत्या एका द्रावणात बुडवून ठेवल्या की जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो आणि मेलेला पांढरा राहतो. उंदरांना आधी तीन आठवडे औषध पाजायचं, मग हृदयाला इजा करणारं इंजेक्शन द्यायचं, आणि शेवटी लाल किती उरलं ते बघायचं. आयुष्यातली एकोणीस वर्षं तिनं हेच केलं होतं. दुसऱ्या कुणाला नुसते डाग दिसले असते. तिला त्या डागांच्या कडांवरून सांगता यायचं, हृदय वाचलं की गेलं.

ती बराच वेळ बघत राहिली. दोन्हीकडे पांढरं जवळजवळ सारखंच होतं. शेवटी तिनं डाव्या बशीवर बोट ठेवलं.

"ती नुसत्या पाण्याची," मोनाली म्हणाली.

रंजितानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "बस," ती म्हणाली.

"बसत नाही मॅडम. मला फक्त सांगा, माझं काय चुकतंय? डोस तोच, उंदीर त्याच जातीचे, इंजेक्शन तेच. तुमचा दोन हजार नऊचा पेपर मला पाठ झालाय. तुमच्याकडे मेलेला भाग अर्ध्याहून कमी झाला होता. माझ्याकडे काहीच होत नाही. चार वर्षं झाली."

"तुझं काही चुकत नाहीये," रंजिता म्हणाली. ती हे सांत्वन म्हणून बोलली नव्हती. मोनालीचा हात तिनं पाहिला होता. असा नेटका हात असलेली विद्यार्थिनी तिला क्वचितच मिळाली होती. आणि नेमकं तेच अवघड होतं. हात चांगला असेल तर दोष दुसरीकडे शोधावा लागतो.

मोनाली ट्रे उचलून निघून गेली. रंजिता खुर्चीतच बसून राहिली. पळस्प्याकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या हादऱ्यानं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. एकोणसाठावं वर्ष सरत आलं होतं, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं, आणि तिला उठून चहा सांगायचाही कंटाळा आला होता.

खाजणवेल तिला लहानपणापासून माहीत होती. रंजिताचे वडील उलव्याच्या बाजूच्या मिठागरावर मुकादम होते. मीठ ओढायचे दिवस आले की मिठागरावरची माणसं सकाळी खाजणवेलीचा काढा पिऊन कामाला लागायची. छाती भरत नाही, असं म्हणायची. वडीलही प्यायचे. ते एक्याऐंशी वर्षं जगले आणि काविळीनं गेले. एका माणसाच्या उदाहरणाला काही अर्थ नसतो, हे ती पुढे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवायची; पण तिची स्वतःची सुरुवात मात्र त्या एका माणसापासूनच झाली होती. मुंबईत पीएचडी करून ती पनवेलच्या या कॉलेजात आली, तेव्हा इथल्या प्रयोगशाळेत धड मिक्सर नव्हता. वडिलांचे चुलतभाऊ, काशीकाका, खाडीकाठाहून वेल तोडून, वाळवून, कुटून, प्लॅस्टिकच्या गोणीत भरून एसटीनं घेऊन यायचे. त्या गोणीतून तिनं पहिला अर्क काढला आणि पहिली लाल हृदयं पाहिली. त्या दिवशी जेवायचं विसरून ती त्या बशीकडे बघत बसली होती. लग्न ठरलं तेव्हा, मुलगा झाला तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता, असं तिनं पुढे एकदा नवऱ्याला सांगितलं आणि तो चार दिवस बोलला नव्हता.

मग पेपर आला. अनुदान आलं, परिषदा आल्या, एक पुरस्कार आला. किशोरी नावाच्या तिच्या पहिल्या विद्यार्थिनीनं अर्कातला कामाचा भाग वेगळा काढून दाखवला. पुण्याची एक कंपनी दोन वर्षं येऊन-जाऊन राहिली आणि मग यायची बंद झाली. सहा जणांच्या पीएचड्या झाल्या. दरम्यान विमानतळासाठी खाडीकाठची जमीन गेली, काशीकाकांचं गाव उठलं आणि गोण्या यायच्या थांबल्या. रंजितानं रत्नागिरीकडचा एक पुरवठादार शोधला. वेल तीच होती. वनस्पतिशास्त्राच्या माणसानं तपासून दिलेली.

तेव्हापासून आकडे उतरत गेले. आधी थोडे, मग जास्त. एका पेपरात तिनं लिहिलं, ऋतुमानानुसार फरक पडतो. पुढच्या पेपरात लिहिलं, जमिनीतल्या क्षारांमुळे असावं. दोन्ही वाक्यं लिहिताना आपण दमलोय हे तिला कळत होतं. खोटं लिहितोय असं मात्र वाटलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनीही काही विचारलं नाही.

रविवारी ती काशीकाकांकडे गेली. हेतू साधा होता. जुन्या जागेवरची थोडी वेल मिळाली तर ती आणि रत्नागिरीची, दोन्ही शेजारी ठेवून बघता आली असती.

करंजाड्याजवळच्या पुनर्वसनाच्या प्लॉटवर काकांनी तीन मजली घर बांधलं होतं. खालचे दोन मजले भाड्यानं दिलेले. वर गच्चीलगतच्या खोलीत काका पंख्याखाली बनियनवर बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, पण खांदे अजून मिठागरावरचेच.

"कोन, रंजू? ये बाय, ये. मालू, रंजू आयली गो!"

मालूकाकी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ख्यालीखुशाली झाली. मग काकांनी बनियन जरा खाली ओढून छातीवर हात ठेवला. "तुला सांगलाच नाय. दिवालीत हाटॅक आयला. डॉक्टरनी दोन जाल्या बसवल्यान आत. मासं धराच्या नाय, रगताच्या."

रंजिताला धक्काच बसला. "काका, अहो मला कळवायचं तरी!"

"कळवून काय, तू उंदरांची डॉक्टर." काका हसले. "आता सकाळसंध्याकाळ गोल्या. सात गोल्या हान रोजच्या."

"आणि खाजणवेल नाय घेतलीत कधी?"

"ती हल्ली मिलतं कुटं? आन तुजी परीक्षा अजून चालूच हाय ना? तू पास झाल्याव घेईन."

मालूकाकी खुदकन हसल्या. रंजिताही हसली, पण तिला ते लागलं. हृदयावर एकोणीस वर्षं काम केलं आणि तिच्या स्वतःच्या काकांना ज्यानं वाचवलं त्यात तिचा काडीचाही वाटा नव्हता.

"काका, गोळ्या एक दिवस पण चुकवू नका हां," ती म्हणाली. "मी येगल्याच कामाला आले." त्या घरात आली की तिची भाषा आपोआप घसरून जुन्या जागी जायची. "मला जुन्या जागेवरची थोडी खाजणवेल पायजे. रत्नागिरीहून येते तिला गुण नाय."

"रत्नागिरीशी काय येतं? नर का मादी?"

आपण काही चुकीचं ऐकलं असं रंजिताला वाटलं. "म्हंजे?"

"अगो, नर येगला, मादी येगली. नराला पांढरी फुलां, पान जरा जाड. तो कुटंपन उगवतं. मादी मिठागराच्या बांधाला, आतल्या अंगाला. तिला फूल दिसत नाय. पान चावला का आदी खारट लागतं, मंग कडू. दोन्ही एकत्र उकलाची. नुसता नर काय कामाचा?"

"नुसता नर कंदीच कामाचा नसतं," मालूकाकी आतून म्हणाल्या.

रंजिताचा तांब्या हातातच राहिला. "तुमी मला गोणीत दोन्ही आणून देत होता?"

"मंग! आर्धी नर, आर्धी मादी. माजी आय तशीच कराची. तशीच बांधाव वालवून, कुटून मी तुला आनून दिली. कुटल्याव काय कललं? दोन्ही सारखीच दिसतान."

"आणि आमचे ते झाडांचे साहेब आले होते ना, जानराव सर? त्यांना तुमी फांदी दिली होती."

"त्यांना फूलवाली फांदी पायजे होती. मादीला फूल कुठशी आनू? नराची दिली."

बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. रंजितानं तांब्या खाली ठेवला. पान, चव, जागा सगळंच वेगळं; गावची माणसं त्यांना एकाच वेलीचे नर-मादी म्हणत असली, तरी ही सरळसरळ दोन वेगळी झाडं होती, हे तिला कळायला क्षणही लागला नाही. दोन हजार नऊचा पेपर, त्यानंतरचे अकरा पेपर, सहा प्रबंध, सगळ्यांच्या पहिल्या पानावर एकाच वनस्पतीचं लॅटिन नाव होतं. आणि गोणीत दोन होत्या.

"काका, मला कधी बोलला नाय तुमी."

काकांना वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "तू कवा इचारलास? तू बोललीस, काका, खाजनवेल आना. आमी आनली."

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला काकांचा मुलगा प्रितम गाडी घेऊन आला. काका पुढे बसले, रंजिता मागे. प्रितम चाळिशीचा, हातात जाडं कडं, कानाला सतत फोन. त्याचे चार डंपर विमानतळाच्या कामावर होते. उलव्यात शिरल्यावर तो इमारतींकडे बोट दाखवत नावं सांगत गेला, कुठल्या प्लॉटवर कुणाचं शेत होतं, कुठला टॉवर कुणी उभा केला. रंजिता लहानपणी ज्या बांधावरून वडिलांचा डबा घेऊन जायची, तो नक्की कुठे असेल हे तिला कळेना. काकांना मात्र कळत होतं. त्यांनी एका पत्र्याच्या कुंपणापाशी गाडी थांबवायला लावली.

"हितं. ह्या पत्र्याच्या पाठी बांध होता. तितं मादी आसाची, ढीगभर."

पत्र्याच्या फटीतून लाल माती आणि मुरुमाचं सपाट मैदान दिसत होतं.

प्रितमनं फोन खिशात घातला. "ताई, खरं सांगू का? इथला भराव आपल्याच गाड्यांनी टाकलाय. दोन हजार अठराला. मला काय माहीत खाली काय होतं."

"तुला कसं माहीत असणार," रंजिता म्हणाली.

तरी ते तीन ठिकाणी हिंडले. नाल्याच्या कडेला पांढऱ्या फुलांचा नर भरपूर होता. पुलाखाली चिखलाची एक पट्टी अजून शिल्लक होती. तिथं काका प्रितमच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. एकेक पान तोडायचे, पुढच्या दातांनी चावायचे, थुंकायचे. "ही नाय." पुढे सरकायचे. "ही पन नाय." रंजिता पिशवी उघडून मागे उभी होती. नवव्या की दहाव्या पानाला काकांनी चघळणं लांबवलं. मग त्यांनी मान हलवली. "खारट हाय. कडू नाय." परत चढताना त्यांना धाप लागली आणि ते दगडावर बसले. त्यांच्या कपाळावर घाम पाहून रंजिता घाबरली.

"बस झालं काका. चला घरी."

"अजून गव्हानकडं बघू ना गो."

"नाय. बस झालं."

सोमवारी तिनं मोनालीला सगळं सांगितलं. सांगताना आवाज सपाट ठेवायचा तिनं प्रयत्न केला. मोनाली ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचं नाक लाल झालं.

"म्हणजे मी चार वर्षं जी वेल उंदरांना पाजली, तिच्यात काही नव्हतंच?"

"असावं थोडं. पण जे आम्ही पाहिलं होतं ते दुसरीत असणार. किंवा दोन्ही मिळून."

"आणि दुसरी आता नाही."

"मला तरी मिळाली नाही."

"जुनी पावडर? नियमाप्रमाणे प्रत्येक गोणीतलं थोडं राखून ठेवावं लागतं ना?"

हा प्रश्न येणार हे रंजिताला माहीत होतं. त्याचं उत्तर शोधायला ती सकाळीच स्टोअरमध्ये जाऊन आली होती. "दहा वर्षं ठेवतात. पण जागा हवी होती म्हणून दोन हजार एकोणीसला सगळेच जुने नमुने नष्ट केले. कागदावर माझीच सही आहे."

मोनाली उठली. "मॅडम, माझ्या आईला मी दर दिवाळीला सांगते, पुढच्या वर्षी नक्की. आता काय सांगू? मिठागराचे बांध बुजले म्हणून?" आणि मग जरा थांबून, हळू आवाजात: "आकडे उतरत होते ते तुम्हाला दिसत नव्हतं का? मी यायच्या आधीपासून?"

"दिसत होतं," रंजिता म्हणाली.

मोनाली गेली आणि तीन दिवस आली नाही.

विभागप्रमुख कमलाकर मढवी रंजितापेक्षा सात वर्षांनी लहान होते. तिनं त्यांनाही एकेक पायरी समजावून सांगितली. ते चांगले माणूस होते, म्हणूनच त्यांचा सल्ला ऐकणं जास्त अवघड गेलं.

"मॅडम, मी काय म्हणतो ते शांतपणे ऐका. तुम्ही कुणाची फसवणूक केलेली नाही. आकडे खरे होते. सव्वा वर्षात तुम्ही निवृत्त होताय. मोनालीला आपण विषय थोडा बदलून देऊ, सगळं जुळवून घेऊ. त्या वेलीवर आता कोण काम करतंय? आपोआप विसरलं जाईल. तुम्ही जर्नलला पत्र लिहिलंत तर आपला दुसऱ्या टप्प्याचा प्रकल्प जाईल, त्याच्यावर दोन मुलांचे पगार आहेत."

"कमलाकर, लोक अजून काम करतायत. परवाच बंगळूरच्या एकाचा पेपर आला, आमच्या डोसवर. तो पण उंदीर मारतोय."

"मारू द्या ना. शास्त्रात हे चालायचंच."

वाद घालायची ताकद तिच्यात नव्हती. घरी येऊन तिनं पत्र लिहायला घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे ते एका बैठकीत झालं. अभ्यासात वापरलेली वनस्पती एकच आहे असं आम्ही नोंदवलं होतं; ती किमान दोन वनस्पतींचं मिश्रण होती, असं आता कळलं आहे; दुसरीची ओळख पटलेली नाही; म्हणून निष्कर्ष या वनस्पतीला लागू करू नयेत. नंतरच्या निबंधांत आकडे घटत असल्याचं दिसत होतं. त्याचं कारण मी शोधायला हवं होतं, ते शोधलं नाही. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. पाठवल्यावर मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाय दुखत होते आणि उद्याची भाजी आणायची राहिली होती.

पत्र पाठवण्याआधी नियमाप्रमाणे तिनं सहलेखकांना कळवलं होतं. बाकीच्यांनी एका ओळीत संमती दिली. किशोरीचा हैदराबादहून फोन आला. ती आता एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती.

"मॅडम, मला ही नोकरी ज्या पेपरवर मिळाली तो तुम्ही खोडताय," ती म्हणाली. आवाजात राग होता, पण तो फार टिकला नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुम्हाला आठवतं? अर्कातले घटक वेगळे करायला मी तो काचेच्या प्लेटवर चढवायचे तेव्हा वरच्या बाजूला एक पिवळट पट्टा यायचा. कुठल्याच संदर्भात नव्हता. मी तुम्हाला दाखवला होता."

रंजिताला आठवलं. तिला ती प्लेटसुद्धा आठवली. "मी काय म्हणाले होते?"

"तुम्ही म्हणालात, गोणीतला कचरा असेल, सोडून दे."

"हो," रंजिता म्हणाली.

"मी पण सोडून दिला," किशोरी म्हणाली. "मलाही लवकर संपवायचं होतं."

चौथ्या दिवशी मोनाली परत आली. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले. तिनं खुर्ची ओढली. "मला तुमच्या काकांना भेटायचंय. ते काय सांगतात ते सगळं मला लिहून घ्यायचंय. वेल नाही तर नाही. निदान तिच्याबद्दल जे माहीत आहे ते तरी कुठेतरी राहू दे. आणि माझ्या प्रबंधात माझे तीनही प्रयोग जसेच्या तसे जातील. काही निघालं नाही, असं लिहून. तुम्ही सही कराल ना?"

"करीन."

"सरांनी अडवलं तर?"

"मी आहे तोवर अडवणार नाहीत."

मोनालीनं त्या शनिवारी काशीकाकांच्या घरी साडेतीन तास घालवले. फोनवर रेकॉर्डिंग, शिवाय वही. ती जळगावकडची, काकांचे निम्मे शब्द तिला कळत नव्हते, म्हणून ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. मादी कुठल्या महिन्यात तोडायची? मुळासकट की वरची? भरतीच्या पाण्याखाली जायची का? वाळवताना उन्हात की सावलीत? उकळायला पाणी किती? कोण प्यायचं, बायका प्यायच्या का? काका आधी थट्टा करत होते; तासाभरानं ते सरळ बसून आठवून आठवून सांगायला लागले, आणि अडलं तिथं मालूकाकी आतून येऊन दुरुस्ती करायच्या. गरोदर बाईला देत नसत, हे त्यांनीच सांगितलं. गावातली एक बाई त्यानं दगावल्याचंही त्यांनीच सांगितलं.

रंजिता दाराशी स्टुलावर बसली होती. यातली एकही गोष्ट तिला माहीत नव्हती. वडील होते, काका होते, काकांची आई तिच्या डोळ्यांदेखत काढा उकळायची. विचारायला उंबरठाही ओलांडावा लागला नसता. तिनं शिक्षण घेतलं आणि मग फक्त गोणी मागवली. ऐकता ऐकता तिचं डोकं भिंतीला टेकलं आणि तिला झोप लागली. जाग आली तेव्हा मालूकाकींनी तिच्या अंगावर चादर टाकली होती आणि मोनाली अजून विचारतच होती.

पुढच्या गोष्टी हळूहळू घडल्या. दुसऱ्या टप्प्याचं अनुदान थांबलं. कमलाकर सर बरेच दिवस जिन्यात भेटले तर फक्त मान हलवायचे. दोन मुलांपैकी एकाची सोय त्यांनी दुसऱ्या प्रकल्पावर लावली, दुसरा तळोज्याला नोकरीला गेला. जर्नलनं पाच महिने घेतले आणि शेवटी चार ओळींची सूचना छापली. तिच्यात रंजिताचं ते शेवटचं वाक्य नव्हतं. जागेअभावी गाळलं असं त्यांनी कळवलं. मोनालीचा प्रबंध एकदा दुरुस्तीला परत आला आणि मग मंजूर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काकांच्या मुलाखतीचं प्रकरण उलटसुलट वाचून, याला औषधशास्त्र म्हणायचं का, असं विचारलं. मोनाली म्हणाली, "मला माहीत नाही सर. पण हे आधी केलं असतं तर बाकीचं करावं लागलं नसतं." तिला पदवी मिळाली. नोकरी मिळायला आणखी आठ महिने गेले.

सूचना छापून आली त्या महिन्यात आणखी एक पेपर आला. कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठातला, खाजणवेलीनं हृदयाचं रक्षण होतं हे सिद्ध झालेलं आहे, असं पहिल्याच वाक्यात म्हणणारा. संदर्भ क्रमांक एक, घरत आणि इतर, दोन हजार नऊ. मोनालीनं तो रंजिताला पाठवला, सोबत एकही शब्द न लिहिता.

रंजितानं त्यांना पत्र लिहिलं. मग आधीच्या बंगळूरवाल्याला लिहिलं. मग तिनं आपल्या दोन हजार नऊच्या पेपरचा आधार घेणाऱ्या सगळ्यांची यादी काढली. ती लांब होती. निवृत्तीच्या दिवसापर्यंत अर्धीही झाली नाही. निरोप समारंभ साधाच झाला, कमलाकर सरांनी तिच्याबद्दल चांगले चार शब्द सांगितले, आणि वेल सोडून सगळ्याचा उल्लेख केला.

आता ती नवीन पनवेलला घरीच असते. सकाळी नवरा फिरायला गेला की ती यादी उघडते आणि पत्रं लिहिते. बहुतेकांचं उत्तर येत नाही. काहींचं येतं, धन्यवाद, नोंद घेतली. एकानं रागानं लिहिलं की आमचे आकडे उत्तम आले आहेत, तुमच्याच हातात दोष असेल. त्याला तिनं काकांचा पत्ता पाठवला आणि त्यांच्याकडून वेल ओळखायला शिकून घ्या असं सुचवलं. तो काही आला नाही. महिन्यातून एकदा ती करंजाड्याला जाऊन काकांच्या गोळ्या तपासते, पाकिटं उलटी करून. काका गोळ्या चुकवत नाहीत. पुलाखालच्या पट्टीत परत एकदा जाऊ या, असं मात्र ते दर वेळी म्हणतात, आणि ती दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलते.

दोन पत्रं झाली की तिचे डोळे दुखायला लागतात. मग ती लॅपटॉप मिटते, कुकर लावते, आणि शिट्या होईपर्यंत जरा आडवी होते.